पहिल्या माइकचा दोष

नागपूरच्या तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या आळीत गिरिधर सोनकुसरेला सगळे ‘रेडिओवाला’ म्हणत. त्यात कौतुक थोडे आणि टोमणा जास्त असे. घरात तीन पिढ्या माग चालला होता. बाप विणता विणता खोकून गेला, थोरला भाऊ माग मोडून हिंगण्याच्या कारखान्यात लागला, आणि गिरिधरने तर मागावर बसायलाच नकार दिला. एकोणीसशे बासष्ट साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो सीताबर्डीवर एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकायला बसला. सहा वर्षांनी घराच्या पुढच्या खोलीत, जिथे बापाचा माग होता तिथेच, त्याने स्वतःचे टेबल मांडले.

हाताला त्याच्या कसब होते. काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ समोर आला की तो आधी त्याची पाठ काढून वास घेई. जळक्या कंडेन्सरचा वास वेगळा, तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वेगळा. निम्मा दोष त्याला नाकानेच कळे आणि उरलेला कानाने. पण ज्या विद्येत त्याने उमेदीची वर्षे घातली, ती विद्याच त्याच्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली. ट्रान्झिस्टर आले. ते बिघडत कमी आणि बिघडले तर लोक नवे घेत. व्हॉल्व्हचे मोठे लाकडी रेडिओ माळ्यावर गेले, काहींची कपाटे झाली. अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत अशी वेळ आली की आठवड्यात तीन गिऱ्हाइके आली तर आठवडा बरा गेला म्हणावे.

“हिंगण्यात जागा निघून राहिली,” भाऊ दर महिन्याला येऊन सांगे. “वायरिंगचं काम. कंपनीची बस घरापासून नेते. अखिन काय पायजे गा तुले?”

“भोंग्यावर उठाचं आन भोंग्यावर जेवाचं माझ्यानं होणार नाही,” गिरिधर म्हणे.

“मंग बस इथं वास घेत.”

त्याच्या पुढच्या वर्षी एका सरकारी खात्याच्या भांडारात जुन्या सामानाचा लिलाव झाला. गिरिधर गेला होता तारेच्या रिळांसाठी. कोपऱ्यात, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली, त्याला एक करड्या रंगाचा लोखंडी मिक्सर दिसला. मोठ्या ट्रंकेएवढा. समोर तळहाताएवढी चार काळी बटणे, मधे एक काचेचे मीटर आणि आत ओळीने सतरा व्हॉल्व्ह. चार माइकांचे आवाज एकत्र करून तारेने दूर पाठवण्यासाठी तो तीस वर्षांपूर्वी विलायतेत बनला होता. भंगारवाल्याला त्यातले तांबे हवे होते. गिरिधरने त्याच्यावर बोली चढवली आणि मिक्सर हातगाडीवर घालून घरी आणला. आळीतली पोरे मागून चालत आली.

“हे काय गा, पोळ्या भाजाची भट्टी आणली का?” शेजारचे धोंडबा ओट्यावरून ओरडले.

“आवाज भाजाची,” गिरिधर म्हणाला.

त्याच्या डोक्यात काय होते ते त्याने फक्त बायकोला, कौसल्येला, सांगितले. गावात कॅसेट आली होती. चौकाचौकांत कॅसेटची दुकाने निघाली होती, पण त्या कॅसेटवरची गाणी मुंबईहून भरून येत. इथल्या गाणाऱ्याला स्वतःची कॅसेट काढायची तर त्याने सगळी मंडळी घेऊन मुंबई गाठायची. नागपुरात कोणाकडे नीट चार माइकांचा मिक्सर नव्हता. तो आता गिरिधरकडे होता. पण जसा होता तसा तो कामाचा नव्हता.

तो बनला होता भाषणांसाठी. बोलणाऱ्या माणसाचा आवाज तेवढा तो नीट पुढे नेई. ढोलकीचा खालचा घुमारा त्यातून पार गळून जाई. व्हॉल्व्ह तापवायला आतून जी वीज जाई तिची सारखी घूं असे. भाषणात ती खपते, गाण्याच्या दोन ओळींमधल्या शांततेत खपत नाही. आणि चारपैकी दोन माइकांचे लहान ट्रान्सफॉर्मर, जे माइकचा क्षीण आवाज पहिल्याने उचलून व्हॉल्व्हपर्यंत पोचवतात, ते जळून गेले होते. तसे बाजारात मिळत नव्हते.

दीड वर्ष तो त्या पेटीच्या मागे लागला. सगळे सुकलेले कंडेन्सर काढून मोठे घातले, तेव्हा ढोलकीला पोट आले. व्हॉल्व्ह तापवायची वीज वेगळ्या डब्यात सरळ करून घेतली, तेव्हा घूं गेली. बटणांखालच्या चांदीच्या ठिपक्यांची काळवंड स्पिरिटने एकेक करून पुसली. मिक्सरमधून बाहेर पडणारा आवाज मैलभर तारेतून ढकलण्याइतका जोरकस होता. तो टेप रेकॉर्डरला सोसेल इतका उतरवला. राहिले ते दोन ट्रान्सफॉर्मर. जळक्यांचे पत्रे त्याने जपून सोडवले आणि नवे गुंडाळायला बसला. केसाहून बारीक तांब्याची तार, तिच्यावर लाखेचा पातळ लेप आणि एकेका ट्रान्सफॉर्मरला चार हजार वेढे. त्याच्या हातून तार तुटे, नाहीतर मोजणी चुके.

“सरका,” कौसल्या एके दिवशी म्हणाली.

ती उमरेडच्या कोष्ट्याची लेक. सात वर्षांची असल्यापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरत आलेली. माळ्यावरून तिने सासूचा चरखा काढला. गिरिधरने त्याच्या चातीवर, सूत गुंडाळायच्या फिरत्या काडीवर, ट्रान्सफॉर्मरची फिरकी बसवून दिली. उजव्या हाताने चाक, डाव्या हाताच्या दोन बोटांत तार. शंभर वेढे झाले की ती एक चिंचोका बाजूला सारी. चाळीस चिंचोके झाले की थांबे. चार दुपारांत तिने दोन्ही भरून दिले, आणि वेढे इतके सपाट बसले होते की गिरिधरला आपल्या हातांची लाज वाटली. त्याने मीटर लावून पाहिले. काटा जिथे यायला हवा तिथे आला. ते दोन ट्रान्सफॉर्मर त्याने पहिल्या आणि दुसऱ्या माइकला जोडले.

इतवारीत बाबनराव उमाठ्यांचे रेडिओ आणि कॅसेटचे मोठे दुकान होते. एक्क्याऐंशीच्या पावसाळ्यात गिरिधरने त्यांना घरी आणून मिक्सर ऐकवला. बाबनरावांनी कानाला हेडफोन लावला, गिरिधरने माइकसमोर वाटी वाजवली, टाळी वाजवली, दोन शब्द बोलला. बाबनरावांच्या भुवया वर गेल्या.

“दसऱ्याले दीक्षाभूमीवर लाखानं लोक येते,” ते म्हणाले. “तिथं भीमगीतांची कॅसेट हातोहात जाते. इंदोऱ्याच्या वस्तीतली चंद्रकला रामटेके माहीत आहे ना? पंचवीस वर्षांपासून गाते, आन टेपवर एक ओळ नाही तिची. तिची एक कॅसेट तुझ्या इथं भरू. साफ निघाली, तर वर्षभराचं सारं काम तुझ्या खोलीत. आन नाही निघाली तर मी आपला मुंबईले जातो, आन तू हिंगण्याले जाय. जमते का?”

“जमते जी.”

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊ.”

“त्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते शेठ. सारं गाव बोंबलत राहीन. ढोलकीच्या जागी तेच भरलं जाईन.”

बाबनराव हसले आणि पुढचा रविवार ठरला.

चंद्रकलाबाई महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई होत्या. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि आईबरोबर त्या गर्दीत होत्या. तेव्हापासून इंदोऱ्यातली एक जयंती त्यांच्या गाण्यावाचून गेली नव्हती. त्या आल्या पांढऱ्या पातळात. बरोबर थोरला भाऊ नत्थूजी हार्मोनियम घेऊन, एक ढोलकीवाला आणि मागे साथीला चार बाया. सगळी कामकरी माणसे, रविवारची सुटी धरून आलेली. खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. मिक्सरचे सतरा व्हॉल्व्ह आत लालसर पेटले होते. चंद्रकलाबाईंनी वाकून पाहिले.

“एवढे दिवे लावले, भाऊ. आरती करता का मशीनची?”

“दिवे नाहीत बाई, व्हाल आहेत. तापल्याशिवाय ते बोलत नाहीत.”

“मंग आमची चंद्रकला अन ते एकाच जातीचे,” नत्थूजी म्हणाले. “हेबी तापल्याशिवाय गात नाई.”

सगळे हसले. गिरिधरने पहिला माइक त्यांना दिला. सगळ्यांत नवा, सगळ्यांत भरवशाचा ट्रान्सफॉर्मर त्याच माइकवर होता. मग त्याने दार लावले आणि पंखा बंद केला, कारण पंख्याची घरघर टेपवर येते.

पहिली तीन गाणी अशी गेली की बाबनराव बोटाने मांडीवर ताल धरून बसले. चौथ्या गाण्यात एक ओळ होती, तिथे चंद्रकलाबाई वरचा सूर लावून तो धरून ठेवत. आजवर त्या ओळीला लोक उभे राहत आले होते. तो सूर त्यांनी लावला आणि गिरिधरच्या हेडफोनमध्ये कागद फाटावा तसा आवाज आला.

त्याने हात वर केला. पुन्हा घेतले. पुन्हा त्याच जागी तोच आवाज, आणि आता सुराचा गाभा जाऊन नुसते पत्र्यासारखे काहीतरी उरले. पहिल्या माइकच्याच जागी वेगळा माइक लावला. वायर बदलली. भाद्रपदातला उकाडा, बंद खोली, नऊ माणसे आणि वर मिक्सरची धग. ढोलकीवाल्याच्या कोपरांवरून घाम ठिबकत होता. ती ओळ चंद्रकलाबाईंनी सहा वेळा गायली. सातव्यांदा त्यांचा श्वास खरोखरच पुरला नाही.

“काय झालं गा?” बाबनराव म्हणाले. त्यांचा सूर बदलला होता.

काय झाले ते गिरिधरला कळले होते. हा आवाज त्याने शेकडो रेडिओंत ऐकला होता. आत कुठेतरी तांबे तांब्याला नीट धरत नव्हते, तापले की सुटत होते आणि खोलीत मोठा सूर लागला की थरथरत होते. दोष पेटीत होता, हे त्याच्या कानाने त्याला पहिल्याच वेळी सांगितले होते. कुठे होता, तेवढेच कळत नव्हते. आणि ते शोधायला मिक्सर उघडायचा, तर तो बाबनरावांच्या समोर उघडायचा.

“आमचा आवाज तुमच्या मशीनले पचत नाई का भाऊ?” चंद्रकलाबाई पदराने गळा पुसत म्हणाल्या. त्या थट्टेनेच म्हणाल्या होत्या.

“मशीन बरोबर आहे,” गिरिधर बाबनरावांकडे पाहत म्हणाला. “वरच्या सुरात बाईंचा आवाजच फाटून राहिला.”

नत्थूजी उठले. “कसा फाटून राहिला? परवा विहारात गायली ना तेच गाणं. कुठं फाटलं?”

“विहारात भोंगा राहते नत्थूजी,” बाबनराव म्हणाले. “भोंग्यात सारंच खपते. हे मशीन बारीक पकडते.”

दार उघडले. कौसल्येने चहा आणला. अर्धा तास वारा लागला, मिक्सरचा पत्रा निवला. बाबनरावांनी स्वतः पहिल्या माइकसमोर तोंड नेऊन ‘हॅलो, हॅलो’ केले आणि टेप ऐकला. अगदी साफ. त्यांनी चंद्रकलाबाईंकडे पाहिले, आणि त्या नजरेत आता कीव होती.

“वय होते बाई. त्यात काय,” ते म्हणाले.

चंद्रकलाबाईंनी कपातला चहा तसाच खाली ठेवला. “पंचवीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या, “मले कोणी सांगितलं नाई.” आणि चपला घालून बाहेर पडल्या. हार्मोनियमची पेटी खांद्यावर घेताना नत्थूजींनी गिरिधरकडे पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिधरने पंखा बंद ठेवून मिक्सर दोन तास तापवला आणि पेन्सिलीच्या टोकाने आतला एकेक भाग ठोकत गेला. पहिल्या माइकच्या ट्रान्सफॉर्मरवर टोक पडले आणि हेडफोनमध्ये तोच कागद फाटल्याचा आवाज आला. त्याने तो काढला, पत्रे सोडवले आणि फिरकी कौसल्येच्या चरख्यावर उलटी बसवली. ती चाक मागे फिरवत तार सोडवू लागली. बावीस चिंचोके झाले आणि तिची बोटे थांबली.

“थांबा. हे माझी गाठ आहे.”

गिरिधरने भिंग लावून पाहिले. तिळाच्या दहाव्या हिश्शाएवढी, दोन्ही टोके दातांनी तोडलेली, कोष्ट्याची गाठ. तार तुटली होती आणि तिने ती सुतासारखी जोडली होती. नखांखाली आणि दातांखाली लेप जेवढा खरवडला गेला तेवढेच तांबे तांब्याला टेकत होते. थंड असताना टेके, मीटरला पुरे, आणि तापले की सुटे. तिथे गाठ नव्हे, कथलाचा डाग द्यायला हवा होता.

“तार तुटली होती, तं मले काहून नाही सांगतलं वं?”

कौसल्येला तो प्रश्नच कळला नाही. “तुटल्याचं काय सांगाचं? गाठ मारली ना. बोटाले लागणार नाई अशी मारली. तुमची माय सांगे का कधी तुमच्या बाबाले, धागा तुटला म्हणून?”

ते खरे होते. कोष्ट्याच्या घरात कांडी भरणारीला धागा तुटला का असे कोणी विचारत नाही. तो तिच्या हाताचा अपमान होतो. गाठ तिची, इमान तिचे. आणि गिरिधरने कितीही नावे ठेवली असली तरी तो त्याच घरात वाढला होता. फिरकी हातात घेताना ‘मधे तुटली का’ हे विचारायचे त्याच्याही मनात आले नव्हते.

कौसल्या चाकावर हात ठेवून बसली होती. मग तिने विचारले, “म्हणजे त्या बाईचा आवाज फाटला नवता.”

“हळू बोल.”

“काल माहीत होतं का तुम्हाले?”

त्याने भिंग पुसायला घेतले.

“माझी गाठ होती,” ती म्हणाली, “तं माझं नाव घ्याचं होतं. पेटीचं घ्याचं होतं. त्या बाईचं काहून घेतलं?”

“बाबनराव येत्या रविवारी दुसरी गाणारी आणून राहिले. आता मी सांगत बसलो, तं ते मुंबईले जाईन. दीड वर्ष घातलं मी ह्याच्यात. तू पाहिलं ना?”

“पाहिलं,” ती म्हणाली.

ट्रान्सफॉर्मर त्याने पुन्हा भरला, या वेळी स्वतः. कौसल्या चरख्यावर बसली नाही. त्याला आठ दिवसांतले सहा लागले. रविवारी बाबनरावांनी भंडाऱ्याकडची सुमती नावाची बावीस वर्षांची मुलगी आणली. तिचा आवाज गोड होता आणि वरच्या सुरात थोडा बारीक होई. पाच तास मिक्सर तापला आणि एकदाही कुरकुरला नाही. कॅसेट दसऱ्याला दीक्षाभूमीवर लागली आणि संपली. कॅसेटच्या वेष्टनाच्या कागदावर, बुडाशी, लहान अक्षरांत छापले होते: ‘ध्वनिमुद्रण: गिरिधर सोनकुसरे, नागपूर’. त्याने तो कागद भावाला दाखवला. भावाने हिंगण्याचे नाव पुन्हा काढले नाही.

त्या आधीच, एका दुपारी, कौसल्या कोणाला न सांगता इंदोऱ्यात जाऊन आली होती. परत आल्यावर तिने पाय धुतले, स्वयंपाकाला लागली आणि पोळी लाटता लाटता सांगितले.

“मी सांगतलं तिले. म्हटलं, बाई, माझ्या गाठीनं झालं.”

गिरिधरचा घास तोंडाशी राहिला. “मंग?”

“म्हणे, तुझं काही नाई वं माय, गाठ कोणाचीबी चुकते. मले चहा केला तिनं.” कौसल्येने पोळी तव्यावर टाकली. “वस्तीत सगळीकडं झालं आहे, का चंद्रकलाचा आवाज मशीननं नाकारला. माणसानं नाकारला असता, तं भांडले असते लोक. मशीनसंगं कोण भांडते? विहारात आता दुसरीले उभं करते. अन चंद्रकलाबाई वरच्या सुराशी आली, का स्वतःच थांबते म्हणे. भेव वाटते तिले.”

“अखिन काय म्हणे?”

“म्हणे, तुझ्या नवऱ्यानं चारचौघांत म्हटलं. आता चारचौघांतच सांगावं, काय फाटलं होतं ते. मंग येतो मी गायले. फुकट नोको, काही नोको. फक्त सांगावं.”

गिरिधर दिवाळीनंतर बाबनरावांच्या दुकानात गेला. गिऱ्हाईक नाही असे पाहून त्याने खालच्या आवाजात सगळे सांगितले. बाबनराव ऐकताना कॅसेटची खोकी रचत होते.

“मले वाटलंच होतं,” ते म्हणाले.

“वाटलं होतं?”

“अबे, मी पंधरा वर्षांपासून रेडिओ विकून राहिलो. बाईच्या गळ्यात अन ट्रान्सफॉर्मरमध्ये फरक नाही का समजत मले? पण तू म्हटलं मशीन बरोबर आहे. मंग मी काहून म्हणू, का बरोबर नाही?” त्यांनी एक खोके वर ठेवले. “सुमतीची कॅसेट चालली. पोरगी तरणी आहे, फोटो चांगला येते. आता जाऊन दवंडी पिटाची आहे का, का आपलं मशीन फाटलं होतं? तुझ्याकडं कोण येईन मंग गायले? चूप राय.”

गिरिधर चूप राहिला. नत्थूजींकडे त्याने निरोप पाठवला, की बाईंनी केव्हाही यावे, एक पैसा घेणार नाही. नत्थूजींनी निरोप आणणाऱ्यालाच विचारले, “त्यानं सांगितलं का कुठं? नाई ना? मंग जाय.”

पुढची चार वर्षे त्याची भरभराटीची गेली. दंडार खेळणारे, भजनी मंडळे, भीमगीतांचे जलसे, लग्नातली गाणी म्हणणाऱ्या बाया, सगळे तांडापेठेत येऊ लागले. मिक्सरला त्याने आणखी दोन माइकांची सोय केली, नव्या धाटणीची यंत्रे जोडायला मागे जागा काढली, जाड-बारीक आवाजाची बटणे बसवली. मुंबईचा एक रेकॉर्डिंगवाला काही कामासाठी आला असता तासभर ऐकून म्हणाला, की असा भरीव आवाज आमच्या नव्या यंत्रांतून निघत नाही. आळीतल्या लोकांच्या ‘रेडिओवाला’ म्हणण्यातला टोमणा गेला. धोंडबा आता पाहुण्यांना घेऊन त्याची खोली दाखवायला येत.

चरख्यावर मात्र तो स्वतः बसे. पहिल्यांदा त्याने कौसल्येला हाक मारली तेव्हा ती म्हणाली, “मले दुसरं काम आहे.” दुसऱ्यांदा त्याने मारली नाही.

पंच्याऐंशीच्या एप्रिलात, जयंतीच्या आठवड्यात, दोन जलसा मंडळांच्या प्रमुखांनी त्याला इंदोऱ्यातल्या कार्यक्रमाला बोलावले. त्यांची ध्वनिमुद्रणे पुढच्या मंगळवारी ठरली होती आणि कोणती गाणी घ्यावीत हे त्याने ऐकून सांगावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी त्याला पहिल्या ओळीत, आपल्या दोघांच्या मधे बसवले. कोणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला. तिसऱ्या गाण्याला माइकवर नाव पुकारले गेले: चंद्रकलाबाई रामटेके.

त्याला उठून जावेसे वाटले, पण दोन्हीकडे माणसे होती. बाईंचे केस पिकले होते. नत्थूजी हार्मोनियमवर होते. मधली वर्षे त्या गात नव्हत्या आणि हल्लीच पुन्हा उभ्या राहू लागल्या होत्या, असे शेजारचा सांगू लागला. गाणे सुरू झाले. त्या रविवारचे तेच चौथे गाणे होते. ती ओळ आली. बाईंनी डोळे मिटले आणि वरचा सूर लावला. तो खालून भरून आला आणि भोंग्यातून, मांडवाच्या कनातींतून, कुठेही चीर न पडता तसाच राहिला. चार वर्षांत गिरिधरने शेकड्यांनी गळे ऐकले होते. असा त्याच्या पेटीत एकही उतरला नव्हता. मांडव उभा राहिला.

टाळ्या थांबल्यावर बाईंनी माइक जवळ घेतला.

“आज आपल्यात गिरिधरभाऊ आले आहे. तांडापेठचे. त्यांच्या मशीननं चार वर्षांआधी सांगतलं होतं, का माझा आवाज फाटते.” लोक हसले. “आज ते स्वतः बसले आहे. तं विचारून घेऊ. बोला भाऊ. फाटला का?”

सगळ्या मांडवाने त्याच्याकडे पाहिले. कोणीतरी दुसरा माइक त्याच्या हातात दिला. बाईंच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्या थांबल्या होत्या. त्यांना काय हवे आहे हे त्याला ठाऊक होते, आणि त्याला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होते. एक वाक्य होते. त्याच्या उजव्या हाताला एका मंडळाचा प्रमुख होता, डाव्या हाताला दुसऱ्याचा, आणि दोघे हसतमुखाने त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

“नाही फाटला,” गिरिधर म्हणाला. “बाईंचा आवाज एकदम चांगला आहे.”

टाळ्या पडल्या. चंद्रकलाबाई टाळ्या संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

“बस?” त्या म्हणाल्या.

भोंग्यातून तो शब्द मांडवाच्या टोकापर्यंत गेला. गिरिधरशिवाय कोणाला त्याचा अर्थ लागला नाही. गिरिधरने हातातला माइक शेजारच्याकडे दिला. बाईंनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग नत्थूजींकडे वळून पुढच्या गाण्याचा सूर मागितला.

मंगळवारी दोन्ही मंडळे ठरल्याप्रमाणे तांडापेठेत आली. सकाळी नऊला काम सुरू झाले ते दिवे लागेपर्यंत चालले. मिक्सरमध्ये दिवसभर काहीही दोष निघाला नाही.